मृगाच्या आधी नऊ घरं

कौल डाव्या तळहातावर तोलून धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने मधोमध टकटक करायची. धड असेल तर ते खणखणतं. भेग असेल, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो, ते बद्द वाजतं. २०२२ च्या मे महिन्यात मी हे काही हजार वेळा केलं. पहिल्या दिवशी मिस्त्री एकेक कौल माझ्या कानापाशी धरून विचारायचे, "बाई, हे काय म्हणतंय सांगा." मी निम्मी चुकले. चौथ्या दिवशी कौल हातात आलं की वाजवण्याआधीच वजनावरून अंदाज यायला लागला.

मी डोंबिवलीला एका शाळेत गणित शिकवते. माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं, वाडी तीसेक उंबऱ्यांची. त्यातली निम्मी घरं गणपतीत आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. उरलेल्यांत बहुतेक सगळी म्हातारी माणसं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा आणि मध्येच त्याहून जोराचे झोत. आमच्या वाडीत त्या दुपारी एकही छप्पर धड राहिलं नाही. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, आणि जे माड आडवे झाले ते कुणाच्या ना कुणाच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर. फोन लागत नव्हते. आम्हाला मुंबईत बसून गावाची खबर चौथ्या दिवशी मिळाली. आणि ती मिळाली तोवर पाऊस तोंडावर होता, म्हणून लोकांनी हाताला येईल ते घरावर चढवलं: ताडपत्री, जुने बॅनर, दुसऱ्याच्या पडक्या गोठ्याची कौलं. पत्र्याला तेव्हा सोन्याचा भाव आला होता, आणि पैसे मोजूनही मिळत नव्हता.

ते "तात्पुरतं" दोन वर्षं तसंच राहिलं. २०२१ चा उन्हाळा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, गावाला जायची सोय नव्हती, आणि मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेलं तेव्हा जाता जाता उरलंसुरलं हलवून गेलं. काकीच्या, म्हणजे माझ्या चुलतीच्या माजघरात त्या पावसाळ्यात अकरा भांडी मांडलेली होती. ती फोनवर हे सांगायची ते तक्रार म्हणून नाही. "आज अकरा झाली गो," एवढंच, जसं एखादी म्हैस किती दूध देते ते सांगावं. मला ते अकरा जेवताना आठवायचे.

२०२२ च्या मार्चमध्ये आमच्या गावकीच्या मुंबई मंडळाची बैठक झाली. देवळाच्या रंगरंगोटीचा विषय होता. मी उठून म्हटलं की देवाच्या डोक्यावर छप्पर आहे, आधी माणसांचं बघू. बोलून झाल्यावर हात थरथरत होते, कारण त्या बैठकीत बायका फारशा बोलत नाहीत. पण एका जुन्या कारभाऱ्याने "बरोबर बोलते पोरगी" म्हटलं आणि वर्गणी रंगाऐवजी छपरांकडे वळली. यादी चौदा घरांची झाली. निकष एकच ठेवला: ज्या घरात वर चढणारं कुणी नाही, ते घर आधी.

शाळेला सुट्टी लागली तशी मी निघाले. एसटीचा संप एप्रिलच्या शेवटी मिटला होता, त्यामुळे माणगाव-म्हसळ्यावरून लालपरीने जाता आलं, आणि कित्येक महिन्यांनी ती गाडी दिसली म्हणून म्हसळ्याच्या स्टँडवर एक आजी कंडक्टरला हातात करवंदं देत होती. आम्ही कायमचे पाच जण होतो, शनिवार-रविवारी बारा-तेरा व्हायचे. एक बेस्टमधून निवृत्त झालेला वाहक, एक कुरिअरवाला, दोन कॉलेजची मुलं, मी. कसबी माणूस एकच, शेजारच्या गावचे मिस्त्री, वय साठच्या पुढे. त्यांना मजुरी दिली. बाकी आम्ही सगळे हात.

ज्यांनी कौलारू घर बघितलंय पण त्यात पावसाळा काढला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कौलारू छप्पर एकदा बांधलं की झालं, असं नसतं. दर उन्हाळ्यात ते उतरवायचं, झाडायचं, फुटकी कौलं काढायची, कौलांखालच्या कुजलेल्या रिपा, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, बदलायच्या आणि पुन्हा चढवायचं. ह्याला शाकारणी म्हणतात. मृग ७-८ जूनला लागतो, त्याच्या आत हे झालंच पाहिजे, कारण रायगडात नंतरच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्या लहानपणी शाकारणी म्हणजे वाडीचा कार्यक्रम होता. आज ह्याच्या घरावर सगळे, उद्या त्याच्या. ज्याचं घर त्याच्याकडे जेवण: तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, कैरी घातलेली सुकट. आम्हा पोरांचं काम रांगेत उभं राहून कौल पुढे द्यायचं. मजुरी कुणी कुणाला देत नव्हतं. मुंबईला माणसं गेली आणि ती रांगच तुटली. वादळाने छपरं उडवली हे खरं, पण वादळ नसतं आलं तरी ती घरं गळलीच असती, फक्त जरा हळूहळू.

सुरुवात काकीच्याच घरापासून केली. ते माझं म्हणून नव्हे, यादीत सगळ्यात मोठं होतं म्हणून. दोन पाखी, पुढे ओटी, मागे पडवी. मी आदल्या संध्याकाळी वहीत हिशोब मांडला: साधारण सोळाशे कौलं. दुकानात तोलून बघितलं तर एक कौल सव्वादोन किलोच्या आसपास भरलं. म्हणजे साडेतीन टनांच्या वर वजन एका ऐंशी वर्षांच्या बाईच्या डोक्यावर, जुन्या वाशांवर.

सकाळी साडेसहाला सुरुवात व्हायची. अकरानंतर कौलांवर हात ठेववत नाही, म्हणून मग चार वाजेपर्यंत सुट्टी. मिस्त्री आढ्यावर बसून आधी कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, काढायचे, मग वरची ओळ, मग तिच्या खालची. पाय कुठे द्यायचा ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं: कौलाच्या पोटावर नाही, जिथे खालच्या कौलावर वरचं कौल चढतं आणि त्याखाली रीप असते तिथे. "कौलावर उभं नाही राहायचं बाई, रिपेवर उभं राहायचं. कौल मधे आहे एवढंच." मी शिडीवरून पहिल्यांदा पाख्यावर पाय ठेवला तेव्हा काकी खळ्यातून ओरडली, "चढलीस काय गो? तुझ्या बापसाला तर माळ्यावर पण चक्कर यायची!" आणि पदराने डोळे पुसायला लागली. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मी वरून काही बोलले नाही, समोरचं कौल काढलं.

खाली माझ्या हाताखाली दोन ढीग लागले, खणखणीत आणि बद्द. खराट्याने शेवाळ झाडायचं, खाचेत बसलेली माती काडीने काढायची, कारण त्या खाचेतूनच पाणी खाली उतरतं आणि ती बुजली की पाणी आडवं पसरून आत येतं. काही कौलांच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत मंगलोर असं उठवलेलं होतं. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. काकी म्हणते की आमच्या पणजोबांनी ती बंदरातून बैलगाडीने आणली. खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्या जुन्या कौलांपैकी शंभरात सात-आठच बद्द निघाली. वादळानंतर घाईत आणलेल्या नव्यांपैकी चाळीसच्या वर.

इथे माझी चूक झाली आणि ती पूर्ण माझी होती. रिपा बदलायच्या होत्या. दोन रिपांमधलं अंतर कौलाच्या लांबीवर ठरतं, मिलिमीटरचा खेळ असतो. मी गणिताची म्हणून माप माझ्याकडे दिलं. मी ढिगातलं वरचं कौल घेतलं, मापलं, सुताराला आकडा दिला, आणि त्याने एका अख्ख्या पाख्याच्या रिपा ठोकल्या. दुपारी चारला कौलं चढवायला घेतली तर तिसऱ्या ओळीपासून ती बसेनात. मी मापलेलं कौल पडक्या गोठ्यातून आलेलं होतं, दुसऱ्या कारखान्याचं, बोटभर आखूड. जुनी कौलं त्या अंतरावर आढ्यापर्यंत पोचण्याआधीच एकमेकांवर चढून उचलली जायला लागली. वेगवेगळ्या साच्याची कौलं एकमेकांत बसत नाहीत. गेली दोन वर्षं काकीच्या घरात जी अकरा भांडी लागत होती, त्यातली निम्मी ह्याच कारणाने. आणि मी तेच पुन्हा करायला निघाले होते.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी खिशातून सुतळी काढली, दहा जुनी कौलं जमिनीवर एकात एक अडकवून ओळीने मांडली, ओळ आधी ताणून मापली, मग दाबून मापली, आणि दोन्हींच्या मधलं घेतलं. "एका कौलाचं माप नसतं," म्हणाले. "दहांचं असतं."

सुतार दुसऱ्या दिवशी रिपा उपटून पुन्हा ठोकायला आला आणि त्या रात्रीच वळीव पडला. अर्धं घर उघडं. विजा चमकायला लागल्या तसे आम्ही पाच जण आणि शेजारची दोन माणसं ताडपत्री घेऊन धावलो. वारा तिला शिडासारखी फुगवत होता. मी एका टोकाला दगड बांधत होते आणि काकी माजघरात देव उचलून ओच्यात घेऊन बसली होती. अर्ध्या तासात पाऊस थांबला. भाताची कणगी भिजली नाही, बाकी सगळं भिजलं. माझ्या चुकीने एक दिवस गेला नसता तर ते पाखं त्या रात्री झाकलेलं असतं. हे मी दुसऱ्या दिवशी काकीला सांगितलं. तिने गादी उन्हात टाकली, मला चहा दिला आणि विचारलं, "आता नीट बसतील ना?"

नीट बसली. आठव्या दिवशी आढ्यावर कोने चढले, सिमेंटच्या मालात.

दुसरं, तिसरं, चौथं घर लवकर झालं. लहान होती आणि आम्ही हाताने तयार झालो होतो. एका घरात फक्त पन्हळ आणि पडवीचे चार वासे, एकात वाळवीने खाल्लेली तुळई, जी शेजारच्याच पडक्या घरातल्या ऐनाच्या तुळईने बदलली. नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल पाजलं. त्या वासाने दोन दिवस डोकं दुखतं आणि हाताला लागलं तर कातडी सोलवटते, पण वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. कौलांखाली विंचू निघाले, तेही मिस्त्री शांतपणे पकडीने उचलून बाजूला टाकायचे.

मग आलं पाचवं घर, आणि तिथे माझं वाजलं.

घर एका दाजींचं. वय पंचाहत्तर, एकटे, मुलगा नालासोपाऱ्याला. त्यांनी सांगितलं, कौलं नकोत, पत्रा घाला. मी हटून बसले. मला पत्र्याचा राग आहे. उन्हाळ्यात भट्टी, पावसात आवाजाने बोलता येत नाही, आणि दिसायला ते गाव गाव राहत नाही. कौलाखालचा दुपारचा गारवा मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी त्यांना सगळं समजावलं, वर्गणीतून कौलं देऊ म्हटलं, जुनी कौलं अजून शंभर वर्षं जातील म्हटलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले:

"बाई, तुम्ही मे महिन्यात येता. कौल जुलैत फुटतं."

आणि मला आंब्याकडे बोट दाखवलं. वानरांची टोळी फांदीवरून थेट पाख्यावर उडी मारते. एका उडीत दोन-तीन कौलं. पूर्वी वानरं रानातच असायची, आली तर गावात माणसं असायची, ओरडायची, पोरं गलोल घेऊन धावायची. आता ओरडायला कोण? आणि ऐन पावसात कौल फुटलं तर शेवाळलेल्या पाख्यावर पंचाहत्तर वर्षांचा माणूस चढणार, की नालासोपाऱ्याहून मुलगा येणार? मागच्या श्रावणात ते स्वतः चढले होते आणि घसरून पडवीवर आदळले होते. मनगट वाकडं बसलंय, ते त्यांनी मला दाखवलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री पडवीत पडल्या पडल्या मी विचार करत होते की मला वाचवायचं होतं ते नेमकं काय. त्यांचं घर, की माझी सुट्टी?

दाजींना पत्राच घातला. पण नीट घातला, आणि ह्यात मी मनापासून राबले. वादळात पत्रे का उडाले ते मिस्त्रींनी जाग्यावर दाखवलं: साध्या खिळ्यांनी ठोकलेले, कडा मोकळ्या. वारा कडेखाली शिरतो आणि वर उचलतो. आम्ही जे-हुक वापरले, ते पत्र्याच्या उंचवट्यावर, पन्हळीत नाही, म्हणजे भोकातून पाणी उतरत नाही. प्रत्येक हुकाला डांबरी वायसर. दोन पत्र्यांचा जोड नैऋत्येकडे तोंड करून ठेवला नाही, कारण पाऊस तिकडूनच येतो. वळचणीच्या कडेने आडवी लोखंडी पट्टी टाकून ती तुळईला तारेने आवळली. आणि झोपायच्या खोलीवर पत्र्याखाली बांबूचा तट्टा बांधला, वर माडाच्या झापांचा थर. दुपारी दोन वाजता दाजी त्या खोलीत गेले, थोडा वेळ उभे राहिले, बाहेर येऊन म्हणाले, "चालंल."

त्यांच्या त्या एका वाक्याने पुढच्या घरांचं कामही बदललं. मे महिन्यात येऊन जाणाऱ्यांनी जुलैची सोय लावायला पाहिजे, हे मला त्याआधी सुचलं नव्हतं. वाडीत अकरावी-बारावीची दोन मुलं होती, दिवसभर मोबाईल घेऊन देवळाच्या पायरीवर. मी त्यांना गणिताचा धाक दाखवला नाही, फक्त म्हटलं, वर चढायचंय का? मिस्त्रींनी त्यांना पंधरा दिवसांत तयार केलं. खालच्या बाजूने, माळ्यावरून, वरचं कौल उचलून फुटकं सरकवून काढायचं आणि नवं बसवायचं, पाख्यावर पाय न देता. ओल्या दिवसांत हेच लागतं. प्रत्येक घराच्या पडवीत त्याच साच्याची चाळीस खणखणीत कौलं रचून ठेवली आणि भिंतीवर कोळशाने लिहिलं: कुठल्या कारखान्याचं, दहांचं माप किती. मंडळाने मुलांना प्रत्येक फेरीचे पैसे द्यायचे ठरवलं. फुकट नाही, हे मी अडून मागितलं. फुकटाचं काम दुसऱ्या वर्षी कुणी करत नाही, आणि त्या मुलांनाही वाटायला हवं की हे कसब आहे.

चौदांपैकी नऊ घरं झाली. पाच राहिली. एकाचे वारस चार, चौघांत बोलणं नाही, कुणी "हो" म्हणेना आणि आत राहणारी बाई त्यांची आत्या, तिला विचारणारं कुणी नाही. त्या घरावर आम्ही फक्त जाड ताडपत्री ताणू शकलो. ते मला अजून टोचतं. एका घरमालकाने मुंबईहून फोन करून सांगितलं, हात लावू नका, पाडायचंय. उरलेल्या तीन घरांना वेळ पुरला नाही.

काकीच्या घरी शेवटचं काम मी स्वतः केलं. माजघर तिच्याकडे भरदिवसा अंधारं असतं, ती चुलीपाशी हाताने चाचपून डबे शोधते. मी श्रीवर्धनच्या बाजारातून काचेचं एक कौल आणलं आणि मिस्त्री खाली शिडी धरून असताना चुलीच्या बरोबर वर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला उन्हाचा एक चौकोन भिंतीवर उतरला आणि सरकत सरकत तिच्या मांडणीवर आला. पितळेचे डबे. तिने एक डबा उचलून उलटा केला, बुडावर कोरलेलं नाव बघितलं, आणि म्हणाली, "हा तर तुझ्या आजीचा. मी इतकी वर्षं माझा समजत होते."

मी ७ जूनला डोंबिवलीला परतले. १० तारखेला मान्सून कोकणात आला, ११ ला मुंबईत. त्या रात्री मी काकीला फोन केला. मागून धारांचा आवाज येत होता. किती भांडी, विचारलं.

"एक. देवघरापाशी."

माझा जीव खाली-वर झाला. मी विचारत सुटले, कुठल्या बाजूला, कोन्याखाली की पाख्यात, थेंब थेंब की धार. ती म्हणाली, "थांब गो, त्या पोराला सांगितलंय. आलाय, माळ्यावर चढतोय." मग फोन तिने तसाच धरून ठेवला असावा. मला शिडी टेकल्याचा आवाज आला, मग काहीतरी सरकल्याचा, आणि मग वरून, पावसातून, त्या मुलाने बोटाच्या पेराने कौल वाजवलं. दोनदा. एवढ्या लांबूनही मला कळलं, बद्द होतं. त्याने ते खाली दिलं असावं, कारण पुढचं वाजवलं ते खणखणत होतं.